अळणी मिठाचा डोंगर

मी इंजिनियर माणूस. लोखंड, तेल आणि मायक्रोमीटर यांच्यात पस्तीस वर्षं काढली. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर भुताखेतांवर आजही नाही. आमच्या गावात खाडीच्या बांधावर कोणाला तरी दर अमावास्येला काहीतरी दिसायचंच. मी लगेच उलटतपासणी घ्यायचो – भरती होती की ओहोटी? किती लांबून पाहिलंस? शेवटी लोक मला अशा गोष्टी सांगायचेच बंद झाले!

तरीही हे लिहितोय, कारण वय सत्त्याऐंशी झालं आणि ज्यांनी हे पाहिलं त्यांच्यातला बहुधा मी एकटाच उरलोय. नात टाइप करून देतेय. शुद्धलेखन तिचं, आठवण माझी.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकडचं. घरची थोडी भातशेती होती, पण खरा संसार मिठागरांवर चालायचा. पावसाळा संपला की खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि मग मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून ढीग लावायचे. हे काम माझी बहीण करायची. चांगुणा तिचं नाव, मी तिला बाय म्हणायचो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. बाय लग्न करून जवळच्या ओवे गावात गेली होती. वर्षाच्या आत नवरा सर्पदंशाने गेला आणि ती परत आली. म्हणजे मला वाढवायलाच परत आली म्हणा. मला ती ‘बारक्या’ म्हणायची. शाळेतलं नाव भालचंद्र – ते तिला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

तिच्याइतकी धीट बाई मी पाहिली नाही. गावातल्या बायका भुताच्या गोष्टी सांगू लागल्या की ती म्हणायची, “मेल्याली मानसं काय करतील गो? जिती हायेत ती काय कमी तरास देतात?” आणि कामाला लागायची. मिठाच्या वाफ्यात दिवसभर अनवाणी उभं राहून तिच्या तळव्यांची कातडी चामड्यासारखी झाली होती. मी सातवीत असताना गावातल्या कोणीतरी म्हटलं, पोराला आता मिठागरावर आण. बायने त्याला एवढंच सांगितलं, “माजं पाय हायेत तवर त्याचं पाय मिठात नाय जायाचं.” मी रोज चालत पनवेलच्या शाळेत जायचो, पुढे मुंबईला टेक्निकल शिकलो, मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी कंपनीने आम्हा तिघांना एक वर्षाच्या ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. तेव्हा वाशीचा पूल नव्हता, पनवेलहून एसटीने ठाण्यावरून वळसा घालत मुंबईला जावं लागे. बाय मला पनवेलच्या स्टँडवर सोडायला आली. जपान कुठे आहे हे मी तिला समजावायचा खूप प्रयत्न केला. ती म्हणाली, “पलस्प्याच्या पल्याड मी गेली नाय, मना काय सांगतस? थंडी हाय म्हंतात थं, कानाला बांदून फिर.” एसटी सुटली तरी हात न हलवता तशीच उभी राहिली. रडली नाही.

आम्हा तिघांना वेगवेगळ्या शहरांत पाठवलं. माझ्या वाट्याला आला नागानोचा डोंगराळ भाग. कारखाना एका छोट्या शहरात आणि चारी बाजूंनी डोंगर. त्या लोकांविषयी काय लिहू! लढाईत सगळं गमावून सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण मशीन पुसायचं फडकंसुद्धा घडी घालून ठेवायचे. कोणी ओरडत नसे. चूक झाली तर दाखवायचे आणि वर आपणच वाकून माफी मागायचे. मी मनाने पार त्यांचा झालो होतो. एक गोष्ट मात्र कबूल करतो. होस्टेलवर कोणी घरचं विचारलं की मी सांगायचो, “बहीण आहे, शेती बघते.” मीठ ओढते असं सांगायची मला लाज वाटायची. का, ते विचारू नका. त्या वयात वाटायची.

माझ्या विभागात ओगावासान म्हणून एक फोरमन होते. तिशीचे, कमी बोलणारे, आणि डोंगरांचे भयंकर वेडे. मीही कर्नाळा, प्रबळगड चढलेलो, त्यामुळे आमचं जमलं. थोडी माझी मोडकी जपानी, थोडी त्यांची मोडकी इंग्रजी – काम भागायचं. एप्रिलमध्ये शहरात चेरी फुलली तेव्हा ते म्हणाले, रविवारी बसने कारासुदाकेला जाऊ. म्हणजे कावळ्यांचा डोंगर. फार उंच नाही, दिवसात जाऊन परत येता येईल. मी लगेच हो म्हटलं.

सकाळी सातला स्टेशनसमोरून बस सुटली. ही बस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. लहानशी, पुढे नाक असलेली, आतल्या लाकडी फळ्या पुसून लख्ख. कंडक्टर एक मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची. निळा गणवेश, टोपी, पांढरे हातमोजे, गळ्यात शिट्टी. आपल्याकडे कंडक्टर दोरी ओढून डबल बेल देतो. ही दारातून अर्धी बाहेर झुकून “ओराऽऽई, ओराऽऽई” असं गोड आवाजात ओरडायची. ‘ऑल राइट’चं त्यांनी ते केलं होतं. बस सुटण्यापूर्वी तिने बोट दाखवत एकेक माणूस मोजला. आम्ही अकरा जण होतो.

खाली शहरात झाडं फुलांनी गुलाबी झाली होती आणि तासाभराने काचेवर पांढरे ठिपके दिसू लागले. मला वाटलं, फुलांच्या पाकळ्याच उडतायत. ओगावासान हसले. म्हणाले, “युकी.” बर्फ! ऐन वसंतात! मी हिवाळाभर बर्फ पाहिला होता, पण हा वेगळाच – मऊ, मोठे मोठे पुंजके, वाऱ्याशिवाय सरळ खाली येणारे. ड्रायव्हरने एका जागी गाडी थांबवून टायरना साखळ्या बांधल्या. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. प्रत्येक वळणावर ती मुलगी खाली उतरायची, बससमोर चालत जायची, बुटाने रस्त्याची कड चाचपायची आणि शिट्टी वाजवायची – पीऽप, पीऽप. मग बस तिच्या मागे गोगलगायीसारखी सरकायची. तिच्या टोपीवर बर्फ साचायचा, ती आत येण्यापूर्वी झटकायची, आणि आत येऊन “उशीर होतोय, माफ करा” म्हणून आम्हालाच वाकून नमस्कार! असं तिने किती वळणांवर केलं असेल, मी मोजायचंच सोडून दिलं. माझ्या मनात आलं, ही आपल्या पनवेलला जन्मली असती तर बायशी हिचं छान जमलं असतं.

साडेनऊच्या सुमाराला शेवटचा थांबा आला. दहा-बारा घरं, एक चहाचं दुकान. बाकीचे उतारू गावातलेच होते. त्या मुलीने आम्हाला दोघांना सांगितलं, “परतीची बस तीनला. तुम्ही येईपर्यंत मी मोजणी पूर्ण करणार नाही. पण कृपा करून वेळेत या, आणि वर धुकं आलं तर मागे फिरा.” ओगावासाननी तिला तसा शब्द दिला.

चढ देवदारांच्या जंगलातून होता. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत बर्फ. मध्येच ऊन पडलं आणि… काय सांगू! प्रत्येक फांदीवर पांढरी रेघ, खाली दरीत फुललेलं गाव, वर निळंशार आभाळ. ओगावासान पुढे चालत पावलं पाडायचे आणि मी त्यांच्या पावलांत पाय टाकायचो. दोन-अडीच तासांनी आम्ही वरच्या धारेवर आलो. झाडं संपली होती. बाराचा सुमार असेल. आणि तेवढ्यात धुकं आलं.

धुकं म्हणजे कसं – खाली पांढरं, वर पांढरं, समोर पांढरं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, काहीच कळेना. ओगावासाननी सांगितलं, मागे फिरू या. पण त्यांच्या बुटाचा पट्टा सुटला होता, तो बांधायला ते खाली बसले. मला वाटलं, शिखराचा दगड दहा पावलांवर असणार, हात लावून येतो. मला भीती अजिबात वाटत नव्हती, उलट मी खुशीत होतो. हे मुद्दाम सांगतो. मी चालू लागलो.

आणि ऐकू आलं –

“बारक्या! थांब! पुरं जाव नको!”

मी जागच्या जागी थिजलो. आवाज ओळखायला मला विचार करावा लागला नाही. सगळ्या जगात त्या नावाने मला हाक मारणारं एकच माणूस होतं. मी मान वळवली. माझ्या मागे, डाव्या हाताला, वीसेक पावलांवर बाय उभी होती. विटकं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर चुंबळ, पाय अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत बर्फात. एक हात वर केलेला. चेहऱ्यावर भयंकर राग – लहानपणी मी भरतीच्या वेळी खाडीत उतरलो होतो तेव्हा होता तसा. धुक्यातही तिच्या कपाळावरचं गोंदण मला दिसलं.

मी “बाय!” म्हणून तिच्याकडे पाच-सहा पावलं धावलो. धुकं हललं. आणि तिथे ओगावासान उभे होते, धापा टाकत. बाय नव्हती.

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मला मागे उभं केलं, आणि मी जिथून वळलो होतो तिथे पोटावर आडवे पडून हातातली लांब काठी पुढे टोचली. काठी आरपार गेली. दुसऱ्यांदा टोचली तेव्हा समोरचा बर्फाचा मोठा तुकडा, आपल्या ओटीएवढा, आवाजसुद्धा न करता नाहीसा झाला. मग खूप वेळाने, खूप खालून धप्प असं ऐकू आलं. ती जमीन नव्हतीच. वाऱ्याने कड्याच्या बाहेर बर्फाचा छज्जा तयार झाला होता आणि मी त्याच्यावर जाणार होतो. आणखी दोन पावलं. फार तर तीन.

ओगावासान सरपटत मागे आले, उठून बसले आणि म्हणाले, “कोण ओरडलं?”

मी विचारलं, “तुम्ही ऐकलंत?”

“बाईचा आवाज. तुझी भाषा होती ना?”

“हो.”

“कोण होती?”

“माझी बहीण.”

“ती कुठे असते?”

“पनवेलला. मुंबईजवळ.” आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, “मिठागरात मीठ ओढते.”

ते मग म्हणाले, “लांब आहे.” एवढंच.

मी त्यांना ती उभी होती ती जागा दाखवली. तिथे पावलं होती. अनवाणी पावलं – टाच, तळवा, पाचही बोटं अगदी स्वच्छ. एकूण नऊ. मी इंजिनियर म्हणून त्याही अवस्थेत मोजली! पहिल्या पावलाच्या मागे कोरा बर्फ, शेवटच्याच्या पुढे कोरा बर्फ. ओगावासान त्या पावलांजवळ गेले, डोक्यावरची टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. माझ्या बहिणीला असा मान मी तोपर्यंत कोणाला देताना पाहिलं नव्हतं. मी स्वतःही दिला नव्हता.

आम्ही एकमेकांना दोरीने बांधून उतरलो. उतरताना मी शंभर वेळा मागे वळून पाहिलं असेल. कोणी नव्हतं.

तीनच्या आधी थोडं आम्ही बसपाशी पोचलो. धुक्यामुळे सुटायला उशीर होणारच होता. ती कंडक्टर मुलगी दारात उभी होती. आम्ही आत बसलो, परतीचे तीन-चार उतारूही बसले. तिने बोट दाखवून मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं. मग आमच्याजवळ येऊन विचारलं,

“त्या बाई कुठे आहेत?”

ओगावासान म्हणाले, “कोण बाई?”

“तुमच्या मागून उतरत होत्या त्या. मी इथून पाहिलं, तुम्ही तिघं होतात. जंगलाबाहेर आलात तेव्हाही तिघं. त्यांच्या पायांत काही नव्हतं, म्हणून मी माझे जाड मोजे काढून ठेवलेत.” आणि खरंच तिच्या हातात लोकरी मोज्यांची जोडी होती.

ओगावासान म्हणाले, “आम्ही दोघंच होतो.”

ती अतिशय नम्रपणे म्हणाली, “माफ करा. मी पाहिलंय.”

सव्वातीन होऊन गेले होते, ड्रायव्हर वैतागला. आणखी उशीर झाला तर रस्ता गोठेल, म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. पण ती मुलगी ऐकेना. “माणूस मागे सोडून मी गाडीला ओराई देणार नाही,” असं म्हणून ती खाली उतरली. एकटीच. बर्फातून जंगलाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि शिट्टी वाजवू लागली. एक लांब शिट्टी, मग थांबून ऐकायची, मग पुन्हा. त्या डोंगरात ती शिट्टी कशी घुमत होती! पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. तिच्या गालांवर पाणी ओघळत होतं – बर्फाचं की डोळ्यांतलं, कळत नव्हतं.

शेवटी ओगावासान तिच्यासमोर उभे राहिले आणि वाकून म्हणाले, “तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. त्या याच्या भगिनी. त्या आता घरी पोचल्या असतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने जंगलाकडे तोंड करून खोल नमस्कार केला, बसमध्ये आली, पुन्हा एकदा सगळ्यांना मोजलं आणि “ओराऽऽई” म्हणाली. उतरणीवरच्या प्रत्येक वळणाला ती तशीच खाली उतरून पुढे चालली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलंय.

हे सगळं थकव्यामुळे झालं, उंचीमुळे झालं, अशी माझी मी समजूत घालू लागलो. पत्रात घरी लिहायचा प्रश्नच नव्हता. बायला वाचता येत नसे, पत्र गावातले मास्तर वाचून दाखवायचे. म्हणजे गावभर झालं असतं. मी नेहमीसारखं ‘खुशाल आहे’ लिहिलं. मात्र होस्टेलवर परतल्यावर माझ्या ट्रेनिंगच्या डायरीत त्या रविवारच्या पानावर दोन ओळी टिपून ठेवल्या.

सहा महिन्यांनी मी परत आलो. पनवेलला उतरून गावी पोचलो तेव्हा बाय ओटीवर पाय पसरून बसली होती. मला पाहून उठली, पण चालताना किंचित लंगडत होती. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं नव्हती.

“हे काय झालं, बाय?”

“काय नाय रं. कुजली होती, काडली डाक्टरनं. तू आदी जेव.”

तिने उडवून लावलं. पण तिच्यासोबत मिठागरावर काम करणारी गोमीकाकी शेजारीच राहायची. मी आल्याचं कळताच ती आली आणि बाय आत गेल्यावर तिने मला सगळं सांगितलं. चैत्रातली सकाळ होती, आठ-साडेआठ वाजले असतील. सगळ्या बायका वाफ्यात मीठ ओढत होत्या. अचानक बाय ताठ उभी राहिली, फळी हातातून पडली, एक हात वर करून एवढ्या मोठ्यानं ओरडली की पलीकडच्या बांधावरची माणसं धावत आली.

“काय ओरडली?” मी विचारलं, पण मला ते माहीत होतं.

“तुजं नाव. ‘बारक्या, थांब, पुरं जाव नको.’ मंग डोलं उगरं ठेवून जी परली ती परली. आंग असं गार – मेल्याली मानसं बी इतकी गार नसतात! आनि पाय… पांडरंफेक पाय. आमी गोनपाटात गुंडाललं, घरी आनली, चुलीम्होरं ठेवली. भाईर ऊन मी म्हंत होतं नि ही कुडकुडत होती. सूर्य माथ्यावर आला तवा एकदम उठून बसली. म्हंते, ‘शिट्टी कोन वाजवतंय?’”

भारत आणि जपानच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक. हिशोब मी तिथेच बसल्या बसल्या केला. तिथले बारा म्हणजे इथले साडेआठ. तिथले साडेतीन म्हणजे इथला बाराचा ठोका.

दुसऱ्या दिवशी मी पनवेलच्या त्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर होते, लढाईच्या वेळी लष्करात नोकरी केलेले. त्यांना बाय चांगली आठवत होती. म्हणाले, “तुझ्या बहिणीने मला कोड्यात टाकलंय. असे पाय मी पाहिलेत – वर पहाडात, बर्फात अडकलेल्या जवानांचे. पनवेलला, चैत्रात, मिठागरातल्या बाईचे असे पाय कसे होतील? मिठाने त्वचा फाटते, अशी मरत नाही. मी चिठ्ठीवर काय लिहावं हेच मला कळेना.” तिला पहिल्यांदा नेलं तेव्हाची ती चिठ्ठी बायच्या ट्रंकेत होती. तिच्यावरची तारीख मी माझ्या डायरीशी ताडून पाहिली. तोच रविवार होता.

मग मात्र मी बायला समोर बसवलं. “काय पाहिलंस ते सांग.”

ती आधी टाळत होती. लोक येड्यात काढतील म्हणून तिने गोमीकाकीलाही सगळं सांगितलं नव्हतं. शेवटी सांगू लागली, मिठागराची गोष्ट सांगावी इतक्या साधेपणाने.

“मिठागरच होतं रं. पन केवडं! जिकडं बघावं तिकडं मीठ, डोंगरच्या डोंगर. आनि गार. मना वाटलं, हे मीठ असं गार कसं? म्हनून चिमटीत घेऊन जिबंवर ठेवलं. आलनी! खारट नायच. तोंडात पानीच झालं त्याचं. मंग समोर बघते त तू चाललास, नि तुज्या पुरं काय नाय. मीठ दिसत होतं पन खाली काय नाय. तुना दिसत नव्हतं. मी ओरडली.”

“मग?”

“तो तुजा दोस्त आला. भला मानूस हाय. मना पाया परला त्यो, मना लाज वाटली. तुमी खाली निगालात, तुमच्या मागं मागं मी आली, पुन्ना परशील म्हनून. खाली एक गारी होती. एक पोरगी होती बग – पांडरं हात असलेली. ती सारखी मना बघत होती. एकटीच बघत होती ती. मंग तिनं शिट्टी वाजवली नि मना जाग आली.”

मी जपानबद्दल तिला काहीही सांगितलं नव्हतं. ओगावासान, बस, हातमोजे – काही म्हणजे काहीच नाही. पनवेलच्या खाडीपलीकडचं जग तिने पाहिलं नव्हतं, त्या काळी आमच्या गावात कोणी बर्फाचं चित्रसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

मी तिचे पाय मांडीवर घेतले. तिने ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडले नाहीत. मी म्हटलं, “बाय, पण तुला कळलं कसं? कशी आलीस तू?”

तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. “म्हंजे? तू हाक मारलीस नं? मंग आली मी.”

“मी हाक नाही मारली.”

“मारलीस. ‘बाय गो’ म्हनून. दोनदा. त्याबिगर कशाला येन मी, हातातलं काम टाकून?”

यावर आमचा वाद झाला, आणि पुढची तीस वर्षं, ती जाईपर्यंत, अधूनमधून होत राहिला. पुढच्या हंगामाला ती आठ बोटांनिशी पुन्हा मिठागरावर गेली होती, मी कितीही नको म्हटलं तरी. मी ओगावासानना सगळं पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं – माझ्यासाठी दोन ओळी आणि तिच्यासाठी पूर्ण पान. ते मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती हसून म्हणाली, “भला मानूस.”

मी आजवर अनेकांना विचारलं. डॉक्टर झाले, प्रोफेसर झाले, एक संन्यासी झाले. प्रत्येकाने आपापल्या परीने काही सांगितलं, एकही मला पटलं नाही. तिला दिसलं ते एकवेळ योगायोग म्हणेन, पण बोटांचं काय? मोजे घेऊन थांबलेल्या त्या मुलीचं काय? वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, नात वाचून दाखवेल.

एक गोष्ट मात्र पक्की. त्या धारेवर मला कसलीच भीती वाटत नव्हती. मी खुशीत होतो, पुढे काय आहे हे मला ठाऊकही नव्हतं, आणि माझ्या तोंडून हाक निघाली नव्हती. तिने मात्र ती ऐकली होती – दोनदा.